गुबगुबीत अक्षराची हाक

संध्याकाळी सातच्या सुमाराला घाटकोपर स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला वाचायला वेळ नसतो. मेट्रोच्या जिन्याकडे जाणारा लोंढा, रिक्षाची रांग, पदपथावरचे फेरीवाले, खांद्याला लागणाऱ्या पिशव्या. तरीही घरी पोहोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांखालून पन्नासेक पाट्या गेलेल्या असतात. वडापाव, चष्मे, क्लासेस, दातांचा दवाखाना, साडी सेंटर, औषधांचे दुकान. यातली एकही पाटी त्याने ठरवून वाचलेली नसते. मोठी, जाड, गोलसर अक्षरे त्याला हाक मारतात आणि तो चालता चालता 'ओ' देतो.

गेल्या काही वर्षांत उपनगरांत अशा देवनागरी हाका वाढल्या आहेत. दुकाने व आस्थापनांविषयीच्या राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दुकान लहान असो वा मोठे, नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी आणि ही अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असे तिने सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर मुंबई महापालिकेने तपासणी सुरू केली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे नव्या पाट्या चढल्या.

कायदा अक्षराची उंची मोजू शकतो. अक्षर वाचता येते की नाही, हे मात्र त्याच्या आकारावर, जाडीवर, आतल्या मोकळ्या जागेवर आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ठरते. आज पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, लहान मुलांच्या पुस्तकांवर, खाऊच्या पाकिटांवर सर्रास दिसणारे ठळक गोल वळण याच कारणासाठी समजून घेण्यासारखे आहे. ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे घात करते, याचे उत्तर निम्मे डोळ्यात आहे आणि निम्मे देवनागरीच्या बांधणीत.

बालू आणि मोदक

या वळणाची दोन ठळक उदाहरणे मुंबईतच घडली. 'एक टाइप' हा अक्षररेखाटनकारांचा मुंबईतला गट. सारंग कुळकर्णी, गिरीश दळवी आणि नूपुर दाते ही त्याच्याशी जोडलेली प्रमुख नावे. दळवी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विभागात शिकवतात. संगणकावरच्या देवनागरीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, प्रा. र. कृ. जोशी यांनीही याच विभागात शिकवले. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट जोशींचाच.

'एक टाइप'ने 'बालू' नावाचा फॉन्ट केला. नाव रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचे, आणि किपलिंग जन्मला १८६५ मध्ये मुंबईत. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत असत. अक्षरही अस्वलासारखेच आहे: अंगाने भरलेले, कडांना गोलावलेले, पण चालायला हलके. देवनागरीपुरते न थांबता या गटाने बालूला नऊ भारतीय लिप्यांचे अंगरखे शिवले आणि प्रत्येकाला त्या त्या भाषेतल्या भावाचे नाव दिले. गुजरातीतला बालू भाई, बंगालीतला बालू दा, गुरुमुखीतला बालू पाजी, तमिळमधला बालू तंबी, मल्याळममधला बालू चेट्टन. पुढे उर्दूसाठी बालू भाईजानही आला. हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही तो फुकट उतरवून वापरू शकतो. पाट्या करणाऱ्या छोट्या दुकानापासून शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रकापर्यंत तो पोहोचला, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

दुसरे उदाहरण 'मोदक'. हाही त्याच गटाचा. बालू जाड आहे, तर मोदक तुडुंब भरलेला आहे. अक्षराला शक्य तितके वजन द्यायचे आणि आतली पांढरी जागा शक्य तितकी कमी ठेवायची, हाच त्यामागचा विचार. रेघांच्या मधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते आणि एक रेघ कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली हे सांगायला केसासारखी बारीक पांढरी फट तेवढी उरते. गणपतीच्या मंडपावर हातभर उंचीचे 'स्वागत' या वळणात लिहिले तर बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. त्याच वळणात वर्गणीदारांची यादी छापली तर कोणालाच स्वतःचे नाव सापडणार नाही.

अशा अक्षरांना 'डिस्प्ले' अक्षरे म्हणतात. ती मथळ्यासाठी असतात, मजकुरासाठी नव्हेत. ही जात जुनी आहे. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी १९२२ मध्ये आणलेले 'कूपर ब्लॅक' हे रोमन लिपीतले असेच गुबगुबीत वळण. 'कूपर' म्हटले की पार्ले-अंधेरीकराला रुग्णालय आठवते, पण जगभरातल्या छापखान्यांना अनेक दशके हे अक्षर आठवत आले. दूरदृष्टीच्या छापखानदारांच्या जवळचेच दिसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, अशा अर्थाने त्याची जाहिरात होत असे. त्या कोटीत शास्त्र होते: अंधूक दिसणाऱ्यालाही लक्षात येईल एवढे ते ठसठशीत होते. जपानमध्ये राष्ट्रीय रेल्वेच्या फलकांवरही कडा गोल केलेली ठळक अक्षरे वर्षानुवर्षे होती.

गोल ते गोड

आता प्रश्न असा, की गोल अक्षर पाहून बरे का वाटते? टोकदार आणि गोलसर अशा दोन आकृत्या समोर ठेवायच्या आणि विचारायचे, यातली 'बूबा' कोणती आणि 'किकी' कोणती? मानसशास्त्रातला हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ १९२९ मध्ये वोल्फगांग क्योलर यांच्या लेखनात आहे आणि २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी तो पुन्हा चर्चेत आणला. बहुतेक लोक गोल आकृतीला 'बूबा' म्हणतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २५ भाषा बोलणाऱ्यांना हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा सुमारे ७२ टक्के उत्तरे याच दिशेची आली. रोमन 'बी' गोल आणि 'के' टोकदार आहे म्हणून असे होत असेल, ही शंकाही तपासली गेली. लिपी वेगळी असली तरी कल तोच राहिला. मराठी माणसाला याचे फार नवल वाटू नये. 'गुबगुबीत', 'गोलमटोल' आणि 'टोकदार', 'काटेरी' हे शब्द नुसते उच्चारून पाहिले तरी तोंडात आकार उमटतो.

मोशे बार आणि मायटल नेटा या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की एकाच प्रकारच्या दोन वस्तू दाखवल्या, एक कडा गोलावलेली आणि एक टोकदार, तर लोकांचा कल गोल वस्तूकडे असतो. त्यांची मांडणी अशी, की टोक म्हणजे संभाव्य इजा. मेंदू विचार करण्याआधीच सावध होतो. गोल कडा दिसली की तो सावधपणा सैल पडतो.

याहून रंजक निष्कर्ष चवीचा आहे. कार्लोस वेलास्को, चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना वेगवेगळी अक्षरवळणे दाखवून चव विचारली. गोल वळणांची सांगड लोकांनी गोडाशी घातली, तर टोकदार वळणांची कडू, खारट आणि आंबट चवींशी. वळण जितके गोल आणि आवडते, तितके ते गोड वाटत होते. सर्वांत जाड देवनागरी वळणाला 'मोदक' हे नाव सुचले, यात म्हणजे केवळ गंमत नव्हती.

हे परिणाम मोजता येतात, पण ते अटळ नाहीत. गोल अक्षर पाहून कोणी आपली बुद्धी गहाण टाकत नाही. एवढेच होते, की मजकूर वाचण्याआधी मनात एक सूर लागतो. मुलांच्या लसीकरणाचा फलक बालूसारख्या वळणात असेल तर दवाखान्याची भीती थोडी उतरते. शोकसंदेश त्याच वळणात छापला तर वाचणाऱ्याला खटकते, मग त्यातला शब्द न् शब्द बरोबर असला तरीही.

देवनागरीचे पोट

सूर कळला, आता शब्द कळायला हवा. इथे देवनागरीची अडचण रोमन लिपीपेक्षा मोठी आहे.

रोमन अक्षरांत बहुतेक खेळ एका ओळीत चालतो. देवनागरीत मधे मूळ अक्षर, वर शिरोरेखा, तिच्याही वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. त्यात जोडाक्षरे. रेघ जाड केली की ती दोन्ही बाजूंना वाढते आणि ज्या जागेत वाढते ती जागा आधीच अपुरी असते. जाडी वाढण्याची किंमत अक्षराच्या पोटातली पांढरी जागा मोजते.

आणि देवनागरीतली कितीतरी अक्षरे याच पांढऱ्या जागेने एकमेकांपासून वेगळी होतात. 'व'च्या पोटात एक तिरकी रेघ आली की 'ब' होतो. 'घ' आणि 'ध' यांच्यातला, 'म' आणि 'भ' यांच्यातला, 'य' आणि 'थ' यांच्यातला फरक शिरोरेखेपाशी असलेल्या छोट्या खंडावर आणि वळशावर उभा आहे. 'प'च्या पोटात रेघ गेली की 'ष'. पोट बुजले की 'बाटी'ची 'वाटी' होते, शिरोरेखेतला खंड भरला की 'भांडे' 'मांडे' होतात. अनुस्वाराचा टिंब शेजारच्या वेलांटीला चिकटला तर 'चिंता' आणि 'चिता' यांत फरक उरत नाही, आणि तो फरक लहान नाही.

जाणता अक्षरकार यावर उपाय करतो. आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा थोड्या बारीक ठेवायच्या. दोन रेघा जिथे मिळतात तिथे शाई साचल्यासारखा काळा डाग पडतो, म्हणून तिथे रेघ किंचित निमुळती करायची. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांसारख्या दाट अक्षरांना थोडी जास्त रुंदी द्यायची. म्हणजेच सगळीकडे सारख्या जाडीचे दिसणारे अक्षर प्रत्यक्षात सगळीकडे सारखे जाड नसते. बोरूने कित्ता गिरवणाऱ्या पिढीला जाड-बारीक रेघेचा खेळ हाताने ठाऊक होता. बोरूचे टोक तिरके छाटलेले, त्यामुळे हात वळेल तशी रेघ आपोआप बदलायची. गोल टोकांच्या वळणात बोरू नसतो, मग हा तोल अक्षरकाराला नजरेने साधावा लागतो. एका देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरे धरून काहीशे आकार असतात आणि प्रत्येकात हे करायचे असते.

पाटी करणारा घाईत असेल तर वेगळेच घडते. तो संगणकावर एखादे साधे अक्षर घेतो आणि त्याला बाहेरून कड देऊन फुगवतो. अक्षर जाड होते, पण त्यामागचा तोल जातो. पोट बुजते, टिंब मात्रेला जाऊन मिळतो. उपनगरातल्या नव्या पाट्यांपैकी ज्या लांबून गिचमीड दिसतात, त्यांतल्या अनेकींचा आजार हाच असतो. ठळक म्हणून आखलेले अक्षर आणि ठळक केलेले अक्षर, यांतला हा फरक आहे.

किती लांबून?

डोळा या सगळ्याला काय म्हणतो, ते साध्या गणिताने पाहता येते. नेत्रतज्ज्ञांकडचा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्याचे मूळ तत्त्व असे: निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे सर्वांत लहान अक्षर ओळखता येते, त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर असते आणि त्यातली एक रेघ किंवा रेघांमधली एक फट त्याच्या एक-पंचमांश, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर असते. यापेक्षा बारीक फट डोळ्याला दिसतच नाही, दोन्ही बाजूंच्या रेघा एक होतात. यालाच ६/६ दृष्टी म्हणतात.

हेच गणित रस्त्यावर नेले, तर वीस मीटरवरून, म्हणजे समोरच्या पदपथावरून, दिसण्यासाठी ती फट सुमारे सहा मिलिमीटर हवी. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या आणि ६/१२ दृष्टी उरलेल्या माणसाला तीच फट दुप्पट, सुमारे बारा मिलिमीटर लागते. हीसुद्धा किमान मर्यादा. सहज वाचायचे तर याहून बरेच जास्त हवे. आता एखाद्या पाटीवर वीतभर उंचीचा जाड 'ब' आहे आणि त्याच्या पोटातल्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर जागा उरली आहे असे समजा. कायद्याच्या दृष्टीने अक्षर मोठे आहे. पलीकडच्या पदपथावरून मात्र तो एक भरलेला गोळा आहे. उंची वाढवून जे कमावले, ते जाडीने गमावले.

वय वाढते तसा हिशेब आणखी आवळतो. चाळिशीनंतर जवळचे दिसायला चष्मा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते असे, की बाहुलीही लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून ज्येष्ठांना अक्षराच्या आकाराइतकाच रंगांतला विरोध महत्त्वाचा असतो. रेल्वे स्थानकांच्या नावांचे पिवळ्यावर काळ्या अक्षरांचे फलक अजून लांबून कळतात, याचे कारण हा विरोध. उलट गुलाबीवर पांढरे किंवा सोनेरीवर लाल अक्षर कितीही जाड केले तरी ते या डोळ्यांना फिकेच दिसते.

आणखी एक नवा पेच उजळणाऱ्या पाट्यांचा आहे. काळोखात स्वतः चमकणारे अक्षर असते त्यापेक्षा जाड दिसते, कारण त्याचा प्रकाश डोळ्यातच आजूबाजूला पसरतो. मोतीबिंदू असेल तर हा पसारा अधिक. दिवसा नीट दिसणारी जाड गोल पाटी रात्री दिवे लागले की प्रकाशाचा लगदा होते. चमकणाऱ्या पाटीसाठी अक्षर एक पायरी बारीक आणि किंचित सैल मांडलेले हवे, हे साधे सूत्र अनेकदा विसरले जाते.

सैल मांडणीलाही आधार आहे. डच संशोधक हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये दाखवले, की नजरेच्या केंद्राबाहेरचे अक्षर एकटे असेल तर ओळखता येते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरे चिकटली की ओळखता येत नाही. याला 'क्राउडिंग', म्हणजे अक्षरांची खेचाखेच म्हणतात. चालत्या माणसाची नजर पाटीवर क्वचितच थेट पडते, ती कडेकडेने जाते. सकाळच्या ८.१५ च्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला खेचाखेचीचा त्रास समजावून सांगावा लागत नाही. अक्षरांचेही तसेच असते.

मग ठळक अक्षराने वाचन सोपे होते का? बर्कलेतल्या सुसाना चुंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमके हेच तपासले. अक्षराच्या रेघेची जाडी कमी-जास्त करून वाचनाचा वेग मोजला. जाडी वाढवल्याने वेग वाढला नाही, आणि एका मर्यादेपलीकडे तो घटला. 'ठळक म्हणजे वाचायला सोपे' हा समज एक-दोन शब्दांपुरता खरा असतो. परिच्छेदाला तो लागू होत नाही.

पाकिटाची पुढची बाजू

हे सारे पाट्यांपुरते राहिले असते तर प्रश्न सोयी-गैरसोयीचा होता. खाऊच्या पाकिटावर तो आरोग्याचा होतो.

किराणा दुकानात मुलांच्या उंचीला लटकवलेली पाकिटे पाहिली, की पुढच्या बाजूला ठळक, गोल, रंगीत अक्षरे दिसतात. मऊपणा, गोडवा, मजा, सगळे एका नजरेत. मागच्या बाजूला साखर, मीठ आणि स्निग्ध पदार्थांचे आकडे बारीक, दाटीने छापलेल्या तक्त्यात असतात, बहुधा इंग्रजीत. नियमाप्रमाणे वेष्टनावरची माहिती इंग्रजी किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावी लागते, मराठीची सक्ती नाही. म्हणजे ज्या अक्षराने बोलवायचे ते हातभर, आणि ज्याने सावध करायचे ते मुंगीएवढे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की अन्नात वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी. २००० उष्मांकांचा आहार धरला तर १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर. हा आकडा पाकिटावरच्या आकड्याशी ताडून पाहायचा तर आधी तो आकडा दिसायला हवा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये वेष्टनावर एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची माहिती ठळक अक्षरांत आणि तुलनेने मोठ्या आकारात देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, त्यामागे हेच तत्त्व आहे. तंबाखूच्या वेष्टनावर ते आधीच मान्य झाले आहे. २०१६ पासून तिथे धोक्याचा इशारा दर्शनी भागाच्या ८५ टक्के जागेवर असतो. ठळक अक्षर कोणाच्या बाजूने बोलणार, हा शेवटी धोरणाचा प्रश्न आहे.

सूचनांचेही असेच. मिशिगन विद्यापीठातल्या ह्युंजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना व्यायामाची एकच कृती दोन वळणांत छापून दिली. सोप्या वळणात वाचणाऱ्यांना वाटले, व्यायामाला सुमारे आठ मिनिटे लागतील. नक्षीदार, अवघड वळणात वाचणाऱ्यांना तोच व्यायाम पंधरा मिनिटांचा वाटला आणि तो करण्याची त्यांची तयारीही कमी होती. वाचायचा त्रास त्यांनी नकळत व्यायामाच्या खात्यावर टाकला. मधुमेहाच्या रुग्णाला दिलेले आहाराचे पत्रक किंवा गुडघ्याच्या व्यायामाचा कागद जाड सजावटी अक्षरांत गच्च भरलेला असेल, तर तो घडी घालून ड्रॉवरमध्ये का जातो, हे यावरून समजते.

हाक आणि बोलणे

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. ज्या गटाने बालू आणि मोदक केले, त्याच गटाने 'मुक्ता' नावाचा फॉन्टही केला आहे. तो मजकुरासाठी आहे: रेघ बेताची, पोटे उघडी, मात्रांना पुरेशी जागा. तोही मुक्त परवान्याखालीच मिळतो. बालूच्या नव्या आवृत्तीतही जाडीच्या पाच पायऱ्या आहेत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी सर्वांत जाड पायरीच घ्यायची गरज उरलेली नाही. म्हणजे मथळ्याला एक आणि मजकुराला एक, अशी जोडी कोणत्याही सोसायटीच्या सचिवाच्या किंवा दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या संगणकावर विनामूल्य येऊ शकते.

वापरताना थोडी पथ्ये पाळली तर पुरते. जाड गोल अक्षर दोन-चार शब्दांपुरतेच ठेवावे, तिथे ते उत्तम काम करते. मोदकासारखे अतिजाड वळण वीतभर उंचीच्या खाली वापरू नये. ओळ दीड ओळीहून लांब झाली की मजकुराचे वळण घ्यावे. औषधाचे नाव, मात्रा, दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि तारीख कधीही सजावटी अक्षरात लिहू नये. पाटी छापायला देण्याआधी तिचा नमुना मोबाइलवर बारीक करून हातभर लांबून पाहावा. त्यात 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे कळले नाहीत, तर ते रस्त्यापलीकडूनही कळणार नाहीत. आणि नमुना वाचायला घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला द्यावा, तोही चष्म्याशिवाय.

मुलुंडच्या एखाद्या जुन्या सोसायटीचा सूचनाफलक डोळ्यांसमोर आणा. जिन्याखालचा मंद दिवा, एकावर एक डकवलेले कागद. त्यात एका कागदावर वर जाड गोल अक्षरांत तीनच शब्द आहेत: 'उद्या पाणी नाही'. खाली मोकळ्या साध्या अक्षरांत वेळ, कारण आणि टँकर कधी येणार ते लिहिले आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन येतात. वरचे तीन शब्द त्या चालता चालता वाचतात आणि थांबतात. पिशवी खाली ठेवून, चष्मा लावून खालचा मजकूर वाचतात आणि मग घरी जाऊन बादल्या भरून ठेवतात. वरच्या अक्षरांनी त्यांना थांबवले, खालच्या अक्षरांनी सांगितले. दोघांनी एकमेकांचे काम केले असते, तर आजींच्या घरात दुसऱ्या दिवशी पाणी नसते.